बारा टनाच्या कुरोड्या

मी कुकरले भेते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात सगळे माह्यावरच हसले, अन् त्याची सुरुवात या कुकरपासूनच होते. माह्यं माहेर दरेकश्याचं. घराच्या मागंच जंगल. लहानपणी मोहफुलं वेचाले गेली तं समोर अस्वल उभं! मी भेली नाही. आई म्हणे, "हळू मागं सरक," मी सरकली. अस्वल त्याच्या कामानं गेलं, मी माह्या कामानं गेली. पण लग्न होऊन कुडव्याले आली अन् सासूबाईनं माह्या हातात कुकर देला, तवा मी भेली. शिट्टी व्हायच्या आधी तो जे सूं-सूं करते ना, ते मले सहनच होत नाही. वाटते का आता झाकण उडते, छताले भोक पडते, अन् वरण सारं मोहल्ल्यात!

म्हणून आमच्या घरचा कायदा असा का कुकर मी लावीन, पण लावला का पिंकीले कडेवर घेऊन अंगणातल्या कडूलिंबाच्या झाडामागं जाऊन उभी राहीन, अन् शिट्ट्या तिथूनच मोजीन. शेजारच्या बिसेनकाकू रोज भिंतीवरून विचारत, "काहो सुनीता, आज वरण का आलू?" मी झाडामागं दिसली का त्यांना कळे, कुकर चढला म्हणून.

तं अशा बाईच्या घरी बारा टनाचा प्रेस आला!

कसा आला ते सांगते. पिंकीचे पप्पा (नाव नाही घेत मी, आमच्या घरी चालत नाही) गाड्या दुरुस्त करतात. घरासमोरच टिनाचं शेड हाये. त्यात मोटरसायकली, शेतातले पंप, एखादं ट्रॅक्टरचं चाक, असं सगळं पडून राहते. अन् या सगळ्यात एक बेअरिंग नावाची वस्तू राहते. बेअरिंग म्हणजे लोखंडाची बांगडी, आत गोळ्या फिरतात. ही बांगडी जिथं बसवायची ती जागा तिच्याहून केसभर लहान ठेवलेली राहते. काऊन लहान ठेवली, हे ज्यानं गाडी बनवली त्याले विचारा. लहान जागेत मोठी वस्तू घालाची म्हणजे ठोकाचं. ठण! ठण! ठण! सकाळपासून ठण, जेवताना ठण, अन् पिंकीले मोठ्या मुश्किलीनं झोपवलं, दबक्या पायानं मागं सरकली, का ठण!

बरं, ठोकायचं सामान कुठून? माह्या सैपाकघरातून! खलबत्त्यातला बत्ता गेला, बेअरिंगवर ठेवून ठोकाले. खल गेला, खाली टेका द्याले. मंग यांना कोणीतरी सांगतलं का ती जागा गरम केली तं फुगते अन् बेअरिंग थंड केलं तं आवळते, मंग टुपकन बसते. झालं! माह्या तव्यावर इंजिनचं कव्हर तापून राहिलं अन् फ्रीजमधी दह्याच्या बाजूले बेअरिंग गारठून राहिले. एकदा मी विचार न करता त्याच तव्यावर पोळी टाकली तं सासऱ्याच्या वर्षश्राद्धाले आलेले पाहुणे म्हणतात, "पोळी मस्त हाये, पण पेट्रोल पंपाची याद येऊन राहिली."

अन् एवढं करूनही काही जिद्दी बेअरिंग निघायचं नाहीच. मंग ते पोतडीत घालून गोंदियाले लेथवाल्याकडे जाणं. त्याच्यापाशी मोठा प्रेस होता, म्हणजे न ठोकता बेअरिंग दाबून बसवाचं-काढाचं मशीन. तो यांना बाकड्यावर बसवून ठेवे, स्वतःचे काम करे, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे, "ये कुडवा के इंजीनियर साहब हैं, घर का मूसल टूट गया है इनका!" हे हसत. घरी आले का जेवत नसत नीट. मले कळे.

तं एक दिवस हे बाजारातून आले अन् बसता-बसताच म्हणाले, "आई, एक प्रेस पाहिला मी. हायड्रॉलिक. घेऊन टाकावं म्हणतो. सस्ता हाये."

सासूबाई दारात बसून दातांना गुडाखू घासून राहिल्या होत्या. (गुडाखू म्हणजे तो काळा तंबाखूचा गोळा. आमच्याकडच्या बुढ्यांचा दिवस त्याच्याशिवाय उगवत नाही.) तोंडातलं बोट न काढताच त्यांनी विचारलं, "सस्ता काऊन हाये?"

हे थोडे अडखळले. "म्हणजे, लोखंड जरा पातळ हाये. वेल्डिंग खरबुडं हाये. अन् तेल पाझरते, जास्त नाही, थोडंसंच."

"म्हणजे तुह्या बाबावानी," सासूबाई म्हणाल्या. "पातळ, खरबुडा अन् थुकत राहे जिथं-तिथं. पण टिकला बिचारा जलमभर."

झालं! सासऱ्याच्या पुण्याईवर प्रेस अर्धा पास झाला. राहिली मी.

"बारा टनाचा हाये," हे मले खुशीत सांगून राहिले.

"टन म्हणजे केवढा?"

"धानाची ट्रॉली भरली का समज तीन टन."

मी आठवीतून शाळा सोडली, पण एवढा हिसाब मले येते. चार ट्रॉल्या! एकावर एक! अन् त्या चार ट्रॉल्यांच्या खाली मले काय दिसलं असन? पिंकीचं बोट! कारण आमच्या पोट्टीले भोक दिसलं का बोट घालाचंच. कोंबडीच्या तोंडात घालून झालं, लाइटच्या बोर्डात घालता-घालता मी धरली, आजीच्या गुडाखूच्या डबीत घालून चाटलं अन् दिवसभर ओकत राहिली. अन् त्या प्रेसच्या खांबांना वरपासून खालपर्यंत भोकंच भोकं! जशी पिंकीनंच ऑर्डर देली.

"मले नको," मी म्हणलं. "फुटन तो."

"अवो, फुटत नाही."

"कुकरले बी असंच म्हणतात."

शेवटी दुकानदार शेठनं तोड काढली. शेठ म्हणे, "आठ दिन चलाके देखो. नहीं जमा तो वापस. मगर माल जैसा गया वैसा आना चाहिए, रंग पे खरोंच भी नहीं मंगता."

टेम्पोतून उतरला तो. नारंगी रंगाचा, नवरदेवावानी चमकून राहिला होता. दिसाले कसा? दोन खांब, वर आडवा बीम, अगदी झोपाळ्यावानी, पण झोपाळ्याच्या जागी वरून एक लोखंडी मुसळ लटकते. बाजूले हँडल. हँडल मारत गेलं का मुसळ हळूहळू खाली येते, अन् जे मधात सापडलं त्याले दाबते. सापडलं त्याले! मी पिंकीले पदरानं माह्या कमरेलेच बांधून टाकलं अन् खिडकीतून पाहत राहिली.

यांनी मोटरसायकलचं चाक ठेवलं, बेअरिंग ठेवलं, हँडल मारलं. मारलं. मारलं. मंग रुमालानं हात पुसले.

"झालं," हे म्हणाले.

"काय झालं?"

"बसलं बेअरिंग."

"आवाज तं आलाच नाही!"

"तेच तं!"

त्या दिवशी दुपारी पिंकी झोपली. झोपली म्हणजे अशी झोपली का उठेचना! मी पहिले खुश झाली, मंग भेली, मंग सासूबाईले आवाज देला. त्यांनी येऊन पोट्टीच्या नाकासमोर बोट धरलं. "जित्ती हाये," म्हणाल्या, "पहिल्यांदाच झोप पाहून राहिली बिचारी." तवा माह्या ध्यानात आलं का माह्या पोरीनं जलमल्यापासून ठण-ठण न ऐकता दुपार पाहिलीच नव्हती. तव्यावर इंजिन नाही, दह्यात बेअरिंग नाही, बत्ता खलात. घर असं शांत, का मलेच करमेना.

मी म्हणणारच होती का ठेवा बापा याले. ओठापर्यंत आलं होतं!

पण दोन-तीन दिवसांनी एका चाकात गंजून अडकलेला जुनाट बुश, म्हणजे लोखंडाची नळी, आला. हे हँडल मारून राहिले, बुश हलेना. मी शेडाच्या दारात, पिंकी कडेवर. हँडल जड झालं, खांब कुंई-कुंई कराले लागले, यांच्या गळ्याची शीर फुगली, अन्...

फट्टाक!

काही नव्हतं झालं. बुश निघाला होता, एवढंच. गंज सुटताना तसा आवाज होते म्हणे. पण हे सांगाले यांना मी सापडली पाहिजे ना! मी कडूलिंबाच्या मागं, पिंकीचं डोकं छातीत दाबून उभी होती. हे मागून आले तं मी रडतच म्हणलं, "हा तरी राहीन घरात नाही तं मी! पोट्टीले काही झालं तं? तुमचं ध्यान गाडीत, माह्यं ध्यान चुलीत, अन् हिचं बोट कुठं?"

यांनी पिंकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मंग म्हणाले, "बरं. भेव वाटते तं वापस करून टाकू."

अन् जाऊन त्या प्रेसले फडक्यानं पुसत राहिले. वरून खाली, खालून वर. जशी बाजारात न्यायच्या आधी म्हैस धुतात तसं. मले कसंतरी वाटलं. पण भेव मोठं राहते ना, दुसरं काही बोलूच देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गोंदियाले गेले, शेठले सांगून टेम्पो आणाले. अन् इकडे घरी चीक तयार!

चीक म्हणजे कुरोड्यांचा. गहू भिजत घालून, वाटून, गाळून, त्याचा पांढरा चीक शिजवाचा, अन् गरम-गरम असतानाच पितळी साच्यातून दाबून खाटेवर कुरोड्या पाडायच्या. उन्हाळ्यात दर साली आमचं अन् बिसेनकाकूचं मिळून राहते. गहू भिजला का मंग कोणासाठी थांबत नाही, घरात प्रेस राहो का जावो. अन् साचा दाबाले लागते ताकद. दर साली ते काम पिंकीच्या पप्पाचं. अन् तेच घरी नाहीत!

सासूबाईचा खांदा धरलेला. बिसेनकाकू म्हणाल्या, "माह्यं बीपी हाये." माह्या हातानं एक कुरोडी पडली, ती बी अर्धी. चीक गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वाफा सोडून राहिला. सासूबाईनं साच्याकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं, मंग शेडाकडे पाहिलं. तोंडात गुडाखूचं बोट थांबलं. मी पिंकीले जवळ ओढलं, कारण ते बोट थांबलं का काहीतरी होते!

"काय वो सुनीते, ते मशीन वापसच जाऊन राहिलं ना?"

"हो आई."

"मंग जाता-जाता माह्या कुरोड्या पाडून जाऊ दे."

"आई! ते लोखंडाचं काम करते!"

"अन् साचा कायचा हाये? कागदाचा?"

बिसेनकाकू टाळी देऊन म्हणाल्या, "बराबर हाये! सालोसाल तुमच्या खलबत्त्यानं गॅरेज चालवलं. आज गॅरेजले सैपाकघराचं काम करू द्या. फिट्टमफाट!"

मले तं ते पटूनच गेलं, हेच माह्यं नशीब. पण सासूबाईचं अजून एक राहिलं होतं. आमच्या घरी कोणतीही नवी वस्तू अन्नाले लावायची तं आधी धुवाची अन् हळद-कुंकू वाहायचं. मिक्सर आला तवा वाहिलं, फ्रीज आला तवा वाहिलं. मंग प्रेसले बी पाहिजे. सासूबाईनं बादलीभर पाणी मुसळावर ओतलं, हळदीचे पट्टे ओढले, बीमवर कुंकवाचं मोठं बोट लावलं, उदबत्ती हँडलच्या भोकात खोचली, अन् वर कापूरही लावला. बिसेनकाकूनं आरतीच म्हणाले घेतली!

अन् इकडे चीक थंडा होऊन राहिला. हे तिघींपैकी एकीच्याही ध्यानात नाही!

साचा भरला. मुसळाखालच्या दोन लोखंडी पट्ट्यांवर, मधल्या फटीवर ठेवला. त्याच्याखाली स्टीलचं ताट, कारण खाट तिथं शिरत नव्हती. ठरलं असं का सासूबाई ताट गोल फिरवतील, म्हणजे कुरोडी गोल पडन. बिसेनकाकू पिंकीले धरतील. अन् हँडल?

दोघी माह्याकडे पाहून राहिल्या.

"मी नाही बापा!"

"मंग मी मारू? या खांद्यानं?"

मी डोळे मिटले अन् हँडल मारलं. काही झालं नाही. अजून मारलं. मुसळ इतकं हळू खाली आलं का अजगर बरा. साच्याच्या दट्ट्याले टेकलं. अन् बिसेनकाकू ओरडल्या, "अगं बया! पडून राहिली! पडून राहिली!"

मी डोळे उघडले. पांढऱ्याशुभ्र तारा सुळसुळ-सुळसुळ खाली उतरून राहिल्या होत्या. सासूबाई ताट फिरवून राहिल्या अन् कुरोडी अशी पडली, अशी पडली, का जशी चांदीची जाळी! मी उगाच अंग चोरून उभी होती. याले काय ताकद लागते? दोन बोटं लागतात! पिंकी टाळ्या पिटून राहिली. दुसरी पाडली. तिसरी पाडली. मी तं हँडल एका हातानं मारून दुसऱ्या हातानं पदर सावराले लागली, जशी प्रेसवरच जलमली! सासूबाई म्हणाल्या, "पुरी कुडवा वस्तीच्या कुरोड्या पाडू आता!" बिसेनकाकू म्हणाल्या, "नागऱ्याले माह्या बहिणीचा बी चीक हाये, तिले बोलावू का?"

मंग तारा थांबल्या.

"मार ना वो," सासूबाई म्हणाल्या.

"मारून राहिली ना."

"जोरानं मार!"

गंजातला चीक आतापर्यंत खरवसावानी घट्ट झाला होता, अन् साच्याच्या भोकांत त्याच्या गुठळ्या अडकल्या होत्या. हे आता कळते. तवा कोणाले कळलं? तवा वाटलं, मीच कमी पडून राहिली. मी हँडलले लटकली. पाय जमिनीवरून उचलले! साचा म्हणाला, कुंऽऽई. मी म्हणलं, "आई, हा कुंई करून राहिला!" सासूबाई म्हणाल्या, "करू दे! पितळ हाये, माह्या माहेरचं हाये, काही होत..."

फट्टाक!

साच्याची खालची जाळी सुटली. ताटावर आपटून उडाली अन् टिनावर जाऊन वाजली. अन् आतला सगळा चीक एकदमच बाहेर आला, अन् ताट तिरपं झालं म्हणून सरळ खाली न जाता समोर उडाला. समोर बिसेनकाकू! (पिंकीले त्यांनी तेवढ्यातच खाली ठेवलं होतं, नाही तं...) काकूचं तोंड, चष्मा, नवी साडी, सारं पांढरं! उभ्याच्या उभ्या काकूच्या जागी एक कुरोडी उभी! सासूबाईच्या डोक्यावर ताट. हळद, कुंकू, चीक, खांबापासून बीमपर्यंत सडा. अन् मुसळ? ते खालीच आलेलं, साच्याच्या पोटात दट्ट्या घुसलेला, पितळ एका बाजूनं पिचकलेलं, अन् निघेचना!

आता मी काय करायले पाहिजे होतं? झाडामागं पळायले पाहिजे होतं. पण पिंकी! पिंकी त्या खांबापाशीच उभी होती, अन् तिचं बोट एका भोकाकडे निघालं होतं, हळूच, अगदी शांतीनं!

मी झडप घातली. कशी घातली मलेच माहीत नाही. पोरीले उचललं अन् तिथंच खाली बसली. काकूच्या कमरेले खोसलेला मोबाइल तेवढा चिकापासून वाचला होता. त्यावरून यांना फोन लावला.

"हॅलो! अवो, मशीन अडकलं!"

"अडकलं? कोणी हात लावला त्याले?"

"आईनं."

"हिनं!" मागून सासूबाई.

"कायमधी अडकलं?"

"कुरोडीमधी."

मंग एकदम, "पिंकी कुठं हाये?"

"माह्या मांडीवर."

"बोटं पाह्य."

मी पाहिली. उजव्या हाताची, डाव्या हाताची, उगाच पायाची बी. "सारी हायेत."

"अन् तुह्यी बोटं?"

असं कोणी विचारलं का मले रडूच येते. "माही बी हायेत. पण ते अजून दाबूनच हाये! चार ट्रॉल्या आत हायेत अजून! फुटन तं?"

"फुटत नाही वो. ऐक. खाली बाजूले एक नट हाये. हँडलचं टोक त्यात घाल अन् हळूच उलटा फिरव. ते तुह्यीच वाट पाहून राहिलं. तू सोड म्हणलं का सोडते."

पिंकीले मी सासूबाईच्या हातात देलं. (ताट अजून त्यांच्या डोक्यावरच होतं.) अन् गेली. हळू, जशी दरेकश्यात अस्वलापुढून मागं सरकली होती तशी, फक्त आता पुढं. नटात हँडल घातलं. डोळे मिटले. फिरवलं.

सूंऽऽस.

बस. एवढंच! चार ट्रॉल्या उतरल्या, अन् मुसळ आपोआप वर निघून गेलं, जसं काही त्यानं केलंच नाही. मी फोनमधी म्हणलं, "गेलं वर."

"सांगतलं ना," हे म्हणाले. मंग हळूच, "अन् आता सारं पुसून ठेव. शेठ टेम्पोत बसूनच राहिला, तपासून नेतो म्हणे."

शेठ! रंगावर खरोंच नाही पाहिजे म्हणणारा शेठ!

तिघी लागलो. पण उन्हाळ्याचं ऊन अन् वर टिन! चीक वाळला का कसा होते, ज्यानं कुरोडीचं ताट घासलं त्यालेच माहीत. पाण्यानं निघेना. राखेनं निघेना. सासूबाईनं तारेची घासणी आणली अन् माहेरच्या साच्याचा सारा राग त्या खांबावर काढला. चीक निघाला. त्याच्यासंगं नारंगी रंग बी निघाला! जिथं रंग राहिला तिथं हळद चढली, अन् कापराचा काळा डाग तं बीमवर कायमचाच बसला.

टेम्पो आला. शेठ उतरला. प्रेसच्या भवती एक चक्कर मारली. नखानं वाळलेली कुरोडी उचकटली, वास घेतला.

"ये क्या है?"

"कुरोडी," सासूबाई म्हणाल्या. "खाता का?"

"अम्माजी, ये बारह टन की प्रेस है!"

"म्हणून तं म्हणते. चीक थंडा नसता झाला तं मस्त पाडून राहिली होती."

शेठनं माह्याकडे पाहिलं, चष्म्यापर्यंत पांढऱ्या झालेल्या बिसेनकाकूकडे पाहिलं, अन् हात जोडले. "भैया, मैं मशीन वापस लेता हूँ. भगवान नहीं. इसकी तो पूजा हो गई. अब ये आपकी."

"शेठजी, ऐसा मत करो," हे म्हणाले. आवाज अगदी रडका. पण मिशीखाली काय चाललं होतं ते मले दिसून राहिलं होतं. सारं हसून राहिलं होतं! मी मान खाली घातली. ज्या बाईनं रडून-रडून प्रेस वापस कराले लावला, त्याच बाईनं त्याले असा पक्का करून ठेवला का आता देतो म्हणलं तरी कोणी नेत नाही!

शेठ रिकामा टेम्पो घेऊन गेला. पण घरात हसू काही आलं नाही, कारण सासूबाई साचा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गुडाखूची डबी उघडलीच नाही. तो साचा त्यांच्या आईनं देलेला. मले पाहवेना. मी म्हणलं, "आई, माह्यं चुकलं."

हे उठले. साचा घेतला, उलटा करून प्रेसमधी ठेवला, खाली पाइपाचा तुकडा, वर लहान सळाख. अन् हँडल माह्याकडे केलं.

"मार तू."

"मी?"

"तूच घुसवला ना? तूच काढ."

मी मारलं. डोळे उघडे ठेवून! मोजून-मापून, हळू. एक टुक्क झालं अन् दट्ट्या खालून अलगद बाहेर आला. मंग यांनी साच्याच्या पोटात गोल पाइप घालून पिचकलेलं पितळ दाबून-दाबून सरळ केलं. नाही ठण, नाही ठोकणं. सासूबाईनं साचा उन्हाकडे धरला. एक डोळा मिटून आतून पाहिलं. मंग डबी उघडली, बोट तोंडात घातलं अन् म्हणाल्या,

"राहू दे मशीन. थुकते, पण कामाचं हाये."

साचा पुरा गोल नाही झाला म्हणा. तवापासून आमच्या घरच्या कुरोड्या लांबोळक्या पडतात. बिसेनकाकू पाहुण्यांना सांगतात, "ही गॅरेजची कुरोडी. खाऊन पाहा, ऑइल बदलाची गरज नाही." प्रेसची भोकं यांनी लाकडाच्या गुल्ल्या ठोकून बुजवून टाकली, लागते तेवढीच उघडी. पिंकीनं त्यातली एक गुल्ली चावून काढली, पण ते वेगळं.

लेथवाल्याकडे जाणं बंद झालं. हे दुपारी पोटभर जेवतात. पिंकी झोपते. पोळ्यांचा तवा आता माह्या एकटीचा हाये.

अन् मी? मी आता कडूलिंबाच्या झाडामागं जात नाही. खोटं नाही सांगत! आता मी शेडात जाऊन प्रेसपाशी उभी राहते, पिंकीले कडेवर घेऊन, नजर हलू न देता. गिऱ्हाईक पाहतात अन् यांना म्हणतात, "मिस्त्री, मालकीणबाई कामावर मोठं बारीक ध्यान ठेवून राहिल्या हो!" हे मान डोलवतात.

गिऱ्हाइकांना काय माहीत, का मी प्रेसच्या खांबाआड लपून कुकरच्या शिट्ट्या मोजून राहिली म्हणून! पातळ असलं तरी लोखंड हाये ते. अन् त्याले सोडाचा नट तरी हाये!